ॲक्युपंक्चरवाल्यांना इन्डेम्निटी पॉलिसी कधी मिळणार?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात विम्यावर बरंच छापून येतं, कॅशलेस नाकारलं, क्लेम अडकवला, आणि ते यायलाच पाहिजे. पण उपचार करणाऱ्याच्या विम्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी जुळे सोलापुरात ॲक्युपंक्चरची प्रॅक्टिस करते, राज्याच्या ॲक्युपंक्चर कौन्सिलकडे माझी रीतसर नोंदणी आहे, तरी मला प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे उपचारात चूक झाली म्हणून पेशंटने दावा केला तर भरपाई देणारा विमा, मिळत नाहीये. प्रीमियम परवडत नाही असा विषयच नाही, प्रीमियमपर्यंत बोलणं जातच नाही. एका कंपनीच्या प्रपोजल फॉर्मवर एमबीबीएस, डेंटिस्ट, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपिस्ट असे सगळे रकाने आहेत आणि आम्ही कुठंच नाही, दुसरीकडं तर "तुमची कॅटेगरी सिस्टीममध्ये येत नाही मॅडम" एवढंच उत्तर.

एजंटने मार्ग काढून दिला तो असा, की फिजिओथेरपिस्टवर टिक करा, पॉलिसी निघून जाईल, कोण बघायला येतंय. मला हे मुळीच पटलं नाही आणि माझ्यासारख्या बाकीच्यांनीही हे करू नये असं कळकळीने सांगते. विम्याचा करार खरी माहिती देण्यावर उभा असतो. पॉलिसी काढताना कुणी बघत नाही हे खरं, पण क्लेम आला की पहिल्यांदा मागतात ते रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, आणि त्यावर ॲक्युपंक्चर आणि फॉर्मवर फिजिओ असं निघालं की क्लेम नाकारायला त्यांना दुसरं काही शोधावंच लागत नाही. इतक्या वर्षांचे हप्ते पाण्यात, वर समोरचा वकील म्हणणार की या बाईंनी विमा कंपनीलाच खोटं सांगितलंय.

आता वाचक म्हणतील सुया तर टोचायच्या, त्याला विमा कशाला. म्हणून जरा खोलात सांगते. माझ्याकडे पूर्व भागातून विडी वळणाऱ्या बायका येतात, मांडीवर सूप, मान खाली, तासन् तास एकाच बैठकीत हात चालू. यंत्रमागावरचे कामगारही येतात, त्यांचाही खांदा गेलेला असतो. या दुखण्याला सगळ्यात जास्त वापरला जाणारा पॉइंट म्हणजे मान आणि खांद्याच्या मधोमध, जिथं पिशवीचा बंद रुततो तिथं, आम्ही त्याला जीबी 21 म्हणतो. नेमकं त्याच्या खाली फुफ्फुसाचं वरचं टोक असतं. अंगावर मांस नसलेली बाई असेल आणि सुई सरळ खोल गेली तर फुफ्फुसाला छिद्र पडू शकतं, म्हणून तिथला स्नायू चिमटीत वर उचलायचा, सुई आडवी धरायची, उथळच ठेवायची, आणि पेशंटला सांगून ठेवायचं की खोकू नका, हलू नका. एवढं करूनही समजा काही झालं तर ते टेबलावर लगेच कळेलच असं नाही, बाई घरी जाते, काही तासांनी छातीत दुखतं, दम लागतो. तेव्हा तिला थेट सिव्हिलला न्यायचं असतं, आणि हे तिच्या घरच्यांना आधीच माहीत पाहिजे, म्हणून मी ते कन्सेंट फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहून घेते आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवते.

मात्र हे किती वेळा होतं तेही बघा ना. जर्मनीत 2,29,230 पेशंटचा अभ्यास झाला, 2009 साली छापून आला, त्यात फुफ्फुसाभोवती हवा शिरल्याच्या केस होत्या फक्त 2. साधारण 8.6 टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, पण त्यात बहुतेक थोडं रक्त येणं, निळं पडणं, दुखणं असलंच. म्हणजे धोका आहे, पण तो मोजलेला आहे आणि कमी आहे. विमा कंपनीला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठलं मिळणार? क्वचित होणारं आणि झालं तर महागात पडणारं, विमा असतो तो याच्यासाठीच की.

आणि झालंच काही तर आम्ही कायद्यातून सुटत नाही. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता केसमध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, आता 2019 चा कायदा आहे, 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पेशंटने दिलेली फी 50 लाखांपर्यंत असेल अशी प्रकरणं जिल्हा ग्राहक आयोगात चालतात. पेशंटला हा हक्क असायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. उलट नुकसान झालेल्या विडी कामगार बाईला भरपाई देण्याएवढे पैसे माझ्यासारखीकडे एकरकमी कुठून येणार, पॉलिसी असली तर तिला ते मिळतील, म्हणजे विमा माझ्याएवढाच तिच्याही कामाचा आहे! फौजदारीचं तर आणखी वेगळं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनरला 2 वर्षांपर्यंत, पण त्यात जी व्याख्या दिलीय ती मेडिकल कमिशनच्या कायद्याखाली नोंदलेल्या डॉक्टरांची, आम्ही त्यात बसत नाही. शिक्षा आणि दंड कुठलीच पॉलिसी भरून देत नाही हे मान्य, पण निदान दिवाणी बाजूला तरी पाठीशी काहीतरी असावं.

सरकारने आम्हाला मान्यता दिली नाही असंही नाही. महाराष्ट्राचा ॲक्युपंक्चरचा कायदा 2015 च्या नावाने आहे, पश्चिम बंगालने तर असा कायदा आपल्याआधीच केला होता, केंद्राच्या आरोग्य खात्यानेही 2019 मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचार पद्धती म्हणून मान्यता दिली. नोंदणी करा, नियम पाळा, हे सगळं आलं आणि ते चांगलंच झालं कारण दोन दिवसांचा कोर्स करून सुया टोचणारे त्याशिवाय आवरत नाहीत. पण नोंदणीच्या जोडीने विमा यायला हवा होता तो राहिला. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2012 पासून ॲक्युपंक्चरवाल्यांची देशपातळीवर नोंदणी सुरू झाली आणि तिथं इन्डेम्निटी कव्हर असल्याशिवाय प्रॅक्टिसच करता येत नाही. आपल्याकडे उलटं, नोंदणी आहे पण कव्हर मागितलं तर मिळत नाही.

आपल्या सोलापूरला तर याचं जास्त वाटायला पाहिजे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले, भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि 1942 मध्ये तिथंच गेले. त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढं पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं, भारतात ही विद्या रुजली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

मला सुचतो तो उपाय असा, की एकेकट्याने कंपनीच्या दारात जाऊन काही होणार नाही, कौन्सिलने पुढाकार घेऊन नोंदणी झालेल्या सगळ्यांसाठी एक ग्रुप पॉलिसी ठरवून घ्यावी. कंपनीने अटी घालाव्यात, आम्ही पाळू. एकदा वापरून टाकायच्या निर्जंतुक सुयाच, वापरलेल्या सुया 2016 च्या बायोमेडिकल वेस्ट नियमाप्रमाणे पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यातच, पेसमेकर असेल तर सुयांना सौम्य वीज देणारा इलेक्ट्रिक स्टिम्युलेटर लावायचा नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का हे विचारून लिहून ठेवायचं, किती सुया लावल्या आणि किती काढल्या याची नोंद. चांगलं काम करणारे हे आत्ताही करतातच. आणि ठरवताना बारीक अक्षरं नीट बघा म्हणावं, कारण या पॉलिसी बहुतेक क्लेम-मेड असतात, म्हणजे घटना घडली तेव्हा पॉलिसी होती एवढं पुरत नाही, दावा आला त्या दिवशीही ती चालू असावी लागते. कुणी मध्येच एक वर्ष हप्ता चुकवला किंवा वयामुळे क्लिनिक बंद केलं आणि नंतर जुन्या पेशंटची नोटीस आली तर हात रिकामे. तेव्हा प्रॅक्टिस थांबवल्यावरची दोन-तीन वर्षं त्यात धरलेली पाहिजेत. एका घटनेला किती आणि वर्षभरात मिळून किती, वकिलाचा खर्च त्याच रकमेतून जातो का, सुया काढणाऱ्या असिस्टंटच्या हातून काही झालं तर ते धरलंय का, हेही लेखी घ्यावं. जे एमबीबीएस डॉक्टर सुयाही लावतात त्यांनीसुद्धा आपल्या पॉलिसीत ॲक्युपंक्चर धरलंय का हे कंपनीला पत्र लिहून विचारावं, नुसतं गृहीत धरू नये.

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट भागात जे कुणी नोंदणीकृत ॲक्युपंक्चर करतात त्यांना माझी विनंती आहे की कंपनीकडून तोंडी नकार घेऊन परत येऊ नका, नकार लेखी मागा आणि त्याची प्रत कौन्सिलला पाठवा, मी माझी पाठवते आहे.

आपली नम्र,
एक ॲक्युपंक्चर थेरपिस्ट, जुळे सोलापूर