महसूलमंत्र्यांना खुले पत्र : उताऱ्यावरचे नाव

माननीय महसूलमंत्री, कर्नाटक राज्य, यांस सविनय नमस्कार.

राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 350 ने दिला आहे. त्याच आधारे हे पत्र मराठीत लिहीत आहे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आला; त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. पाचच महिन्यांनी, 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी, मुंबईच्या कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. इकडे खानापूर-बेळगावच्या कुळांना खरी मालकी मिळण्याची वाट खुली झाली ती मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळातील, 1 मार्च 1974 पासून लागू झालेल्या भूसुधारणा कायद्याच्या दुरुस्तीने. मधली सतरा वर्षे म्हणजे एक पिढी. उद्या जमीन आपली राहील की नाही याची खात्री नसलेले कूळ विहीर खोदत नाही, बांधावर काजू-आंबा लावत नाही आणि त्याला कोणी कर्जही देत नाही. इंग्रजांच्या काळी जिथे जमीनदारी होती ते जिल्हे ती पद्धत संपल्यावरही सिंचनात आणि पिकाच्या उत्पन्नात मागे राहिले, हे अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे. जमिनीच्या व्यवस्थेचे बरेवाईट परिणाम इतके दूरवर पोहोचतात.

अर्स यांच्या कायद्याचा मला मनापासून आदर आहे, कारण त्या कायद्याखालचा कुळाने मालकीसाठी करायचा अर्ज, म्हणजे फॉर्म नंबर 7, भरूनच माझ्या आजोबांना जमीन मिळाली. पण त्या जमिनीच्या उताऱ्यावर आज सात वारसांची नावे एकत्र आहेत, पोटहिश्शांची मोजणी झालेली नाही आणि पीककर्जासाठी प्रत्येक वेळी साऱ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. त्यातले दोघे पुण्यात असतात. ‘भूमी’ योजनेने उतारे संगणकावर आणले, हे मोठेच काम झाले, मात्र कागदावरचा जुना गुंताही तसाच संगणकात गेला. त्यातच भूसुधारणा कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने बिगरशेतकऱ्यांना शेतजमीन घेण्याची मुभा मिळाली आहे. ज्याचा हिस्सा कागदावर वेगळा नाही, तो अशा बाजारात पडेल त्या भावाने जमीन देऊन मोकळा होतो, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे.

म्हणून विनंती अशी की पोटहिश्शांची मोजणी अर्जाची वाट न पाहता गाववार हाती घ्यावी आणि जांबोटी-कणकुंबीच्या डोंगराळ पट्ट्यापासून ती सुरू करावी. मोजणीची नोटीस व नवा उतारा कन्नडबरोबर मराठीतही द्यावा, म्हणजे माझ्या आईला आपल्या नावापुढे किती गुंठे लिहिले आहेत ते स्वतः वाचता येईल.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक शेतकरी