कोसंबींना अभिवादन तराजूने करा

माननीय संपादक,

३१ जुलै ही दामोदर धर्मानंद कोसंबी यांची जयंती. १९०७ साली गोव्यात जन्मलेल्या या माणसाच्या नावाने २००८ पासून पणजीत विचार महोत्सव भरतो, देशभरातले नामवंत येऊन बोलून जातात. ते व्हायलाच हवे. पण कोसंबी ज्या पद्धतीने काम करीत, ती पद्धत आपल्या मुलांच्या हातात अजून पोचलेली नाही. ‘बहुश्रुत’, ‘मार्क्सवादी इतिहासकार’ एवढ्या दोन विशेषणांवर त्यांची ओळख संपते. त्यांचा एक प्रयोग मात्र असा आहे की तो गोव्यातल्या कोणत्याही उच्च माध्यमिक विद्यालयात करता येईल, म्हणून हे पत्र.

प्रयोग नाण्यांच्या वजनाचा आहे. तक्षशिलेच्या भीर टेकडीवर १९२४ मध्ये आहत नाण्यांचा, म्हणजे धातूच्या तुकड्यावर ठसे ठोकून केलेल्या प्राचीन नाण्यांचा, मोठा साठा सापडला. हजाराहून जास्त चांदीची नाणी, आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडर व त्याच्यामागून गादीवर आलेला फिलिप अर्‍हिडियस यांची अगदी कोरी वाटावीत अशी नाणी. त्यामुळे साठा पुरल्याचा काळ इ. स. पू. ३१७ च्या आसपासचा, असे ठरवता आले. पण आहत नाण्यांवर ना राजाचे नाव, ना साल. दर्शनी बाजूला पाच ठसे आणि मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा, बस्स. यातले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे ओळखायचे कसे?

कोसंबींनी याचे उत्तर गणितात शोधले. नाणे हातोहाती फिरले की झिजते, म्हणून जितके जुने तितके हलके. शिवाय प्रत्येक नाण्याच्या वाट्याला येणारे हात वेगळे, त्यामुळे झीज सारखी होत नाही आणि वजनांतला फरकही वयाबरोबर वाढत जातो. हे नुसते मांडून ते थांबले नाहीत. त्यांच्या काळात बाजारात चालणारी हजारो नाणी त्यांनी एकेक करून तोलली आणि तसे खरोखर घडते याची खात्री करून घेतली. मग तक्षशिलेच्या नाण्यांकडे वळले. मागच्या खुणा जसजशा वाढतात, तसतसे सरासरी वजन उतरत जाते, असे त्यांना दिसले. म्हणजे या खुणा वेळोवेळी नाणे पारखणार्‍यांनी उठवलेल्या, आणि त्यांची संख्या हे नाण्याच्या वयाचे माप. त्यावरून दर्शनी ठशांच्या गटांचा कालक्रम लावता आला. कोणता गट कोणत्या राजाचा, यावर नाणेतज्ज्ञांत मतभेद आहेत. तोलण्याचा भाग मात्र कोणीही पडताळून पाहावा असा आहे.

अकरावीच्या गणितात प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप, शिकवतात. मुले सूत्र पाठ करतात, पुस्तकातल्या काल्पनिक गुणांवर ते चालवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्या जागी हा प्रयोग ठेवावा.

नाणे निवडताना पहिली गफलत होते. आपल्याकडे एकाच किमतीच्या नाण्याचे वजन मधेच बदललेले असते. १ रुपयाचे पोलादी नाणे १९९२ पासून २०१० पर्यंत ४.८५ ग्रॅमचे होते, २०११ पासून ते लहान आणि हलके झाले. उलट २०११ नंतरचे २ रुपयांचे नाणे ४.८५ ग्रॅमचे आणि आकाराने जुन्या रुपयाएवढेच, त्यामुळे ढिगात दोन्ही सहज मिसळतात. ५ रुपयांचे जुने जाड पांढरे नाणे ९ ग्रॅमचे, २०११ ते २०१८ चे पिवळे ६ ग्रॅमचे, आणि २०१९ च्या मालिकेतले पुन्हा जड. हे न पाहता सगळी नाणी एका तक्त्यात घातली, तर झिजेऐवजी टांकसाळीचा निर्णय मोजला जाईल. माझ्या मते १ रुपयाचे १९९२ ते २०१० चे नाणे सर्वांत सोयीचे. नक्षी बदलली तरी वजन तेच राहिले, आणि वयाचा पल्लाही लांब. पोलाद कठीण असल्याने झीज थोडीच दिसेल, म्हणून नाणी भरपूर हवीत आणि काटा बारीक हवा. सालाच्या खाली टांकसाळीची खूणही पाहावी: पत्त्यांतल्यासारखी चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, खूण नसेल तर कोलकाता.

नाणी मिसळ असावीत. कदंब बसच्या कंडक्टरकडून, मासळी बाजारातून, पसर्‍यावरून (वाण्याच्या दुकानातून), देवळाच्या फंडपेटीतून, अशी चार ठिकाणची घ्यावीत. चकचकीत तेवढी वेचून घेणे हा सर्वांत मोठा दोष, कारण तिथेच निकाल आधी ठरतो. विशेष प्रसंगानिमित्त काढलेली नाणी बाजूला ठेवावीत. लोक ती जपून ठेवतात, ती फिरतच नाहीत.

मग धुणे. फंडपेटीतल्या नाण्यांवर तेल आणि कुंकू, बाजारातल्यांवर खारट मळ, आणि हा मळही वजनात धरला जातो. कोमट पाण्यात साबण घालून मऊ कापडाने पुसावीत. तांब्यापितळेच्या भांड्यांची सवय म्हणून चिंच किंवा भिरंडाची सोले (आमसुले) लावायची नाहीत. आंबटाने मळाबरोबर धातूही जातो, ५ रुपयांच्या पिवळ्या नाण्याचा तर नक्कीच. धुतल्यावर नाणी पूर्ण कोरडी आणि थंड होऊ द्यावीत.

काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, सोनाराकडचा त्याहून बारीक असतो. तो सपाट दगडी ओट्यावर ठेवावा, पंखा बंद, खिडकी बंद. दर वीस नाण्यांनंतर शून्य आणि ठरावीक वजन तपासावे. दहा नाणी एकदम तोलून दहाने भागायचा मोह होईल. तो टाळावा, कारण तसे केले की सरासरी मिळते पण फरक हरवतो, आणि कोसंबींचा अर्धा पुरावा त्या फरकातच आहे. एकेक नाणे दोनदा, दोन वेगळ्या मुलांनी, एकमेकांचा आकडा न पाहता तोलावे.

दर सालाची निदान ३६ नाणी असावीत. सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा, त्याला नाण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे ३६ नाणी असतील तर ६ ने, भागा. सरासरीत साधारण किती चूक संभवते, ते त्यातून कळते. दोन सालांच्या सरासरींतला फरक या चुकीच्या तिपटीहून जास्त भरला तरच झीज दिसली म्हणावे. नव्या नाण्यांची वजनेही तंतोतंत सारखी नसतात, म्हणून एकट्या नाण्यावरून काहीही सिद्ध होत नाही. ही गोष्ट मुलाला स्वतःच्या वहीत दिसली, तर निवडणुकीचे अंदाज आणि औषधांच्या जाहिराती तो वेगळ्या डोळ्यांनी वाचील.

यातून इतिहासही उलगडतो. मौर्य काळातल्या नाण्यांत तांब्याची भेसळ वाढलेली आणि मुळातच वजने ओबडधोबड, यावरून कोसंबींनी राज्याच्या तिजोरीवरचा ताण वाचला. आणि त्यांची नजर केवळ नाण्यांवर थांबली नाही. १९६२ च्या त्यांच्या इंग्रजी लेखसंग्रहात तिसवाडी, बार्देस, सासष्टी या जुन्या काबिजादींतल्या (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागांतल्या) गावकरीवर, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेवर, स्वतंत्र लेख आहे. आपल्या गावच्या जमिनीची वाटणी कशी होत असे, हे गोव्यातल्या किती पदवीधरांनी त्यात वाचले असेल? वडील धर्मानंद १८९९ मध्ये घर सोडून निघाले ते मूळ पाली ग्रंथांपर्यंत पोचले आणि ते ज्ञान त्यांनी मराठीत आणले. मुलाचे लेखन मात्र बहुतेक इंग्रजीत, म्हणून मराठी वाचकाला ते अधिक दूरचे राहिले.

दोन सूचना करतो. शिक्षण खात्याने अकरावीच्या गणिताच्या प्रकल्पांत हा प्रयोग घ्यावा. खर्च एका काट्याचा आहे आणि नाणी परत बाजारात जातात. आणि संग्रहालयांनी आहत नाणी मांडताना मागची बाजूही दाखवावी, शेजारी वजन लिहावे. काचेखाली दर्शनी बाजूच दिसते आणि ज्या खुणांवर कोसंबींचा सारा युक्तिवाद उभा आहे, त्या पाठीमागे दडून राहतात. आरसा लावला तरी पुरे.

आपला,
एक गणित शिक्षक, फोंडा