यार्डातले टर्नआउट मोजून निवडा

संपादक महोदय,

मॉडेल रेल्वेच्या छंदाला आपल्या पुरवणीत जागा मिळाली याचा आनंद आहे. मात्र ‘जागा कमी असेल तर यार्डात (डबे उभे करण्याच्या समांतर मार्गांत) सर्वांत लहान टर्नआउट (एका मार्गातून दुसरा फाटा फोडणारे रुळांचे भाग) घ्यावेत’ हा लेखातला सल्ला सरसकट पाळला तर नवख्यांचे पैसे वाया जातील.

एचओ प्रमाणातल्या (1:87, गेज म्हणजे दोन रुळांतले अंतर 16.5 मि.मी.) पेको कंपनीच्या स्ट्रीमलाइन मालिकेचेच बघा. लहान, मध्यम आणि मोठ्या टर्नआउटची त्रिज्या अनुक्रमे 610, 914 आणि 1524 मि.मी. असते, लांबी 185, 219 आणि 258 मि.मी. पण फाटा तिन्हींत 12 अंशांनीच फुटतो. यार्डाच्या तोंडाशी टर्नआउट तिरक्या रांगेत लागतात, आणि त्या रांगेत एका फाट्यापासून पुढच्या फाट्यापर्यंतचे अंतर ठरते ते कोनावर आणि शेजारच्या दोन मार्गांतल्या अंतरावर. मार्ग 50.8 मि.मी.वर असतील तर ते 244 मि.मी. येते, टर्नआउट कोणताही घ्या. लहान घेतला तर मध्ये 59 मि.मी.चा तुकडा जोडावा लागतो, मध्यम घेतला तर 25 मि.मी.चा. रांगेत वाचलेली जागा शून्य, वळण मात्र विनाकारण तीव्र! मोठा टर्नआउट 14 मि.मी. कापल्याशिवाय बसत नाही. म्हणून या अंतराला मध्यमच योग्य. डबे हाताने सोडवायचे असतील तर बोटे जाण्यासाठी मार्ग 60 मि.मी.वर ठेवावेत, मग टप्पा सुमारे 289 मि.मी. होतो आणि मोठाही न कापता बसतो.

क्रमांकाने विकल्या जाणाऱ्या टर्नआउटचे गणित वेगळे. क्रमांक 6 म्हणजे सहा मि.मी. पुढे गेल्यावर एक मि.मी. बाजूला. मार्ग 50 मि.मी.वर असतील तर क्रमांक 4 ला दर मार्गामागे 200 मि.मी. लागतात, 6 ला 300. इथे लहान क्रमांक खरोखर जागा वाचवतो. (अ‍ॅटलस कंपनीच्या कस्टम लाइन मालिकेतला ‘4’ प्रत्यक्षात साडेचारचा आहे, हे आराखडा काढताना धरावे.) तेव्हा निर्णय गाडीवर सोडावा. मालगाडीच्या बॉक्सएन वाघिणी या प्रमाणात जेमतेम 12 सें.मी.च्या; त्या 4 किंवा 5 वरून निमूट जातात. एलएचबी प्रवासी डबा 27 सें.मी.चा, त्याला 6 हवा. भारतीय रेल्वेच्या यार्डांत 1:8.5 चे टर्नआउट सर्रास असतात, म्हणजे आपला 6 देखील खऱ्यापेक्षा तीव्रच.

लांब डबे घसरतात ते बहुधा उलटसुलट वळणावर. एका टर्नआउटमधून डावीकडे जाऊन लगेच उजवीकडे वळले की शेजारच्या डब्यांची टोके विरुद्ध दिशांना सरकतात आणि कपलिंग चाकांना आडवे ढकलते. यार्डात गाडी मागे रेटावी लागते, त्यामुळे हा जोर आणखी वाढतो. दोन वळणांमध्ये सर्वांत लांब डब्याइतका सरळ रूळ असावा.

क्रमांक 8 यार्डात घेऊ नये. त्याचा फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) लांब असतो. तो प्लास्टिकचा असेल तर दोन आसांचे छोटे शंटिंग इंजिन त्यावर वीज न मिळून थांबते. विद्युत (वीज वाहणारा धातूचा) फ्रॉग घ्यावा, टर्नआउटच्या सरकत्या रुळांसोबत त्याची ध्रुवता बदलणारा स्विच लावावा आणि फ्रॉगकडून निघणाऱ्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जोड द्यावेत; नाहीतर शॉर्ट सर्किट होते.

खरेदीआधी टर्नआउटचे पूर्ण आकाराचे कागदी नमुने छापून फळीवर मांडावेत. दोन मार्ग जिथे एकत्र येतात तिथे शेजारी शेजारी सर्वांत लांब डबे ठेवून ते एकमेकांना घासत नाहीत अशी जागा शोधावी आणि तिथे खूण करावी. मार्गाची उपयोगी लांबी त्या खुणेपासून पुढे मोजावी, टर्नआउटच्या टोकापासून नव्हे.

– एक वाचक, पुणे