पार्श्वसंगीताची एका विशेषणावर बोळवण नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रातील चित्रपट-परीक्षणे मी नियमाने वाचतो. पटकथा, अभिनय, छायाचित्रण यांची त्यांत सविस्तर चर्चा असते. पार्श्वसंगीताची बोळवण मात्र ‘प्रसंगानुरूप’ अशा एखाद्या विशेषणावर होते. शतकाहून जुन्या कलेची ही उपेक्षा मला मनापासून खटकते.

फ्रेंच संगीतकार कामील सँ-साँस यांनी १९०८ साली एका मूकपटासाठी खास संगीत रचले. बोलपटांच्या आरंभी, पडद्यावर वादक दिसत नसताना वाद्यवृंद वाजलेला प्रेक्षकांना पटेल का, अशी शंका निर्मात्यांना असे. संगीतकार मॅक्स स्टायनर यांनी १९३३च्या ‘किंग काँग’मध्ये जर्मन संगीतकार व्हाग्नर यांच्या संगीतनाट्यांतली, पात्राला स्वतःची सुरावट देण्याची रीत उचलली आणि चित्रपटातल्या अजस्र वानराला उतरत्या तीन सुरांची स्वतःची ओळख दिली, ते सूर पुढे कधी भय, तर कधी करुणा घेऊन परततात. अशी सुरावट कथेबरोबर कशी बदलत गेली, हे परीक्षकाने सांगितले तर वाचकही ती कान देऊन ऐकेल.

कोणती वाद्ये घेतली याइतकेच कोणती वगळली हेही महत्त्वाचे असते. १९६०च्या ‘सायको’साठी संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्ये वापरली. स्नानगृहातील हत्येचा प्रसंग संगीताविना ठेवण्याचा दिग्दर्शक हिचकॉक यांचा विचार होता, पण व्हायोलिनचे ते किंचाळणारे सूर ऐकल्यावर त्यांनी तो बदलला. एवढा अधिकार एका संगीतकाराच्या कानाला मिळाला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आज चित्र वेगळे आहे. संकलन चालू असताना दृश्यांखाली दुसऱ्याच कुठल्या तरी चित्रपटाचे संगीत तात्पुरते लावले जाते. महिनोन्‌महिने तेच ऐकून दिग्दर्शकाचा कान त्यालाच सरावतो आणि संगीतकाराकडे ‘असेच काहीतरी’ मागितले जाते. १९६८च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी ॲलेक्स नॉर्थ यांनी रचलेले संगीत बाजूला ठेवून दिग्दर्शक कुब्रिक यांनी अशा तात्पुरत्या लावलेल्या, इतरांच्या रचनाच कायम ठेवल्या. त्या चित्रपटाला तो निर्णय लाभला, हे मी मानतो. परंतु तिथे निदान मूळ रचनाच वाजल्या, त्यांची नक्कल नव्हे.

म्हणून विनंती अशी की, परीक्षणात पार्श्वसंगीतासाठी किमान एक परिच्छेद राखावा, आणि संगीतकाराबरोबरच वाद्यमेळ रचणाऱ्याचेही नाव श्रेयनामावलीतून घेऊन छापावे.

आपला,
एक नियमित वाचक