पिंपाबरोबर काय येतं, काय येत नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जागतिकीकरणामुळे गरीब देशाच्या आरोग्यसेवेचं भलं झालं की वाटोळं, असं तू विचारलंस. या प्रश्नावर परिसंवादात दोन तास बोलता येतं आणि शेवटी हाती काही लागत नाही. म्हणून मी तो थोडा खाली उतरवतो. रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये परदेशी माल उतरतो तेव्हा त्याच्याबरोबर काय येतं आणि काय मागेच राहतं, एवढंच बघू. माझं मत आधीच सांगतो: माल पूर्वीपेक्षा स्वस्त येतो, पण तो तपासण्याची आणि चालता ठेवण्याची ऐपत त्याच जहाजातून येत नाही. ती ज्या देशाने स्वतः उभी केली त्याचा फायदा होतो. बाकीच्यांचा कधी कधी जीवघेणा तोटा होतो.

खोकल्याच्या सिरपपासून सुरुवात करतो, कारण सगळी साखळी त्यात दिसते. औषध विरघळावं म्हणून सिरपमध्ये ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. दोन्ही पारदर्शक, दाटसर आणि चवीला गोड. डायइथिलीन ग्लायकॉलही अगदी तसंच दिसतं आणि तसंच लागतं. ते औद्योगिक द्रावक आहे, स्वस्त आहे, आणि पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. 1937 साली अमेरिकेत त्यात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभरावर माणसं दगावली आणि त्या हाहाकारातून तिथला 1938 चा औषध कायदा आला. म्हणजे विष जुनंच आहे, नवा आहे तो कच्च्या मालाच्या पिंपाचा प्रवास. 2006 मध्ये पनामात सरकारी कारखान्यात बनलेल्या सिरपने माणसं मेली. त्यातलं तथाकथित ग्लिसरीन चीनमधल्या कारखान्यातून बीजिंगच्या व्यापारी कंपनीकडे, तिथून बार्सिलोनाला आणि मग पनामाला पोचलं होतं. एकूण 46 पिंपं. वाटेत विश्लेषणाचं प्रमाणपत्र दर टप्प्याला नव्या नावाने उतरवलं गेलं, त्यावर 99.5 टक्के शुद्ध असा शेरा तसाच राहिला आणि मूळ कारखान्याचं नाव गळालं. झाकण उघडून चाचणी मात्र कोणीच केली नाही.

सोळा वर्षांनी तेच पुन्हा. 2022 मध्ये गाम्बियात साठाहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली आणि ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. गाम्बियाकडे तेव्हा औषध तपासायची स्वतःची प्रयोगशाळाच नव्हती, नमुने परदेशी पाठवावे लागले. त्यानंतर भारताने 1 जून 2023 पासून निर्यातीच्या कफ सिरपला सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा केला. चांगलं झालं, पण आयात करणाऱ्याने त्यावर विसंबून स्वस्थ बसावं असं मला वाटत नाही. निर्यातदार देशाच्या दाखल्यावर सगळा भार टाकणं हीच तर मूळ चूक.

मग करायचं काय? ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉलचं द्रावण असा कच्चा माल आला की नमुना प्रत्येक पिंपातून घ्यायचा. शंभर पिंपांतून दोन-चार उघडून चालत नाही, कारण भेसळ एखाद्याच पिंपात असू शकते. डायइथिलीन आणि इथिलीन ग्लायकॉलची मर्यादा 0.10 टक्के आहे. पक्की चाचणी गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची. ते यंत्र नसेल तर टीएलसीने, म्हणजे लेप दिलेल्या पट्टीवर ठिपका चढवून, पहिली चाळणी लावता येते. तिला यंत्र लागत नाही, हात बसलेला तंत्रज्ञ लागतो. पदार्थ ओळखायच्या नुसत्या इन्फ्रारेड आलेखावर भागवू नये, कमी प्रमाणातली भेसळ त्यात सहज लपते. प्रमाणपत्रावर मूळ उत्पादकाचं नाव आणि बॅच क्रमांक नसेल तर माल परत करायचा. आणि असेल तर दलालाला बाजूला ठेवून थेट उत्पादकाला तो बॅच क्रमांक विचारायचा. एका मेलचं काम, पण होत नाही ते हेच.

आता किमतीकडे येतो, कारण जागतिकीकरणाची सगळ्यात उजळ बाजू तिथेच आहे. 2001 मध्ये सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं एकत्र, वर्षाला 350 डॉलरला देऊ केली. तेव्हा पेटंटवाल्या कंपन्यांचा तोच उपचार वर्षाला 10,000 डॉलरच्या वर जात होता. हे शक्य झालं कारण भारताच्या 1970 च्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त प्रक्रियेवर होतं. 1995 साली जागतिक व्यापार संघटना आली, तिच्या बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स करारामुळे 20 वर्षांचं पेटंट सगळ्यांना लागू झालं आणि भारताला 2005 पासून रेणूवरही पेटंट द्यावं लागलं. सर्वांत कमी विकसित देशांना मात्र औषधांपुरती 1 जानेवारी 2033 पर्यंत सूट आहे. तुझ्या अभ्यासातला देश त्या यादीत बसतो का, हे आधी बघ. पुढचा सगळा हिशेब त्यावर ठरतो.

यादीत नसेल तर सक्तीचा परवाना उरतो, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवू देणारा सरकारी परवाना. भारताने मार्च 2012 मध्ये कर्करोगाच्या सोराफेनिबसाठी तो दिला. महिन्याच्या 120 गोळ्या 2,80,000 रुपयांच्या आसपास होत्या, त्या 8,800 रुपयांवर आल्या. पण यासाठी देशात गोळी बनवणारा कारखाना हवा. ज्याच्याकडे तो नाही त्याच्यासाठी 2003 मध्ये वेगळी वाट काढली गेली: आयातदार देशाने नेमकी किती मात्रा हवी ते व्यापार संघटनेला कळवायचं, निर्यातदार देशाने तेवढ्यापुरताच परवाना द्यायचा, गोळीचा रंग किंवा वेष्टन वेगळं ठेवायचं आणि मालाचा तपशील संकेतस्थळावर टाकायचा. ही वाट एकदाच पूर्ण चालली गेली. रुवांडाने जुलै 2007 मध्ये मागणी कळवली आणि कॅनडातून पहिला माल सप्टेंबर 2008 मध्ये निघाला. इतकी कागदपत्रं करून एका ऑर्डरपुरतं औषध बनवायला दुसरी कंपनी पुढे आली नाही, यात नवल ते काय!

त्यापेक्षा ऐच्छिक परवाने, म्हणजे पेटंटधारक कंपनीने स्वतःहून दिलेले, जास्त उपयोगी पडले. डोल्युटेग्राविर असलेली एचआयव्हीवरची तीन औषधांची एक गोळी 2017 च्या कराराने 92 देशांना वर्षाला सुमारे 75 डॉलरला मिळू लागली. 2023 पर्यंत तो भाव 45 डॉलरच्या खाली आला. मात्र अशा परवान्यांत देशांची यादी असते आणि मध्यम उत्पन्नाचे देश बरेचदा त्यातून वगळलेले असतात. द्विपक्षीय व्यापार करार वाचताना 'डेटा एक्स्क्लुझिविटी' (मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या माहितीवर इतरांना विसंबू न देणं) आणि पेटंटची मुदतवाढ ही दोन कलमं शोध. पेटंट नसलं तरी पहिलं कलम जेनेरिकला, म्हणजे इतर कंपन्यांनी बनवलेल्या त्याच औषधाला, काही वर्षं नोंदणीच्या दारात अडवून ठेवतं. ही कलमं व्यापार मंत्रालय मान्य करतं आणि बिल आरोग्य खात्याला येतं.

स्वस्त औषधाचा दुसरा पदर म्हणजे मोजक्या ठिकाणांवर अवलंबून राहणं. गोळी एका देशात, तिचा मूळ घटक दुसऱ्यात. 3 मार्च 2020 ला भारताने पॅरासिटामॉलसह 26 घटकांच्या आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, कारण त्याचा स्वतःचाच कच्चा माल चीनमधून येईल की नाही याची खात्री नव्हती. यावर उपाय सांगायला सोपा आहे: निविदा एकाला शंभर टक्के देऊ नये, साठ-चाळीस अशी विभागावी आणि दोघांचा मूळ घटक एकाच कारखान्यातून येत नाही ना, हे लेखी घ्यावं. यातला दुसरा भाग लोक विसरतात. दोन पुरवठादार असतात, दोघांच्या मागे कारखाना एकच.

देणगीच्या यंत्रांबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घे. खोलीतली हवा गाळणीतून कॉम्प्रेसरमध्ये जाते, दाबाखाली झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाच्या दोन नळकांड्यांतून आलटून पालटून फिरते, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं आणि साधारण 90 ते 96 टक्के ऑक्सिजन बाहेर पडतो. मिनिटाला 5 लिटर देणारं यंत्र साधारण 350 वॅट खातं. उत्तम वस्तू. सिलिंडरची ने-आण वाचते. आता ते 110 व्होल्ट, 60 हर्ट्झच्या देशातून 230 व्होल्ट, 50 हर्ट्झच्या देशात येतं. तिथे ट्रान्सफॉर्मर लावून देतात आणि दिवा लागला की सगळे खूश. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही. मोटर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, दाब पडतो, मोटर तापते आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. नळीतून हवा तर येत असते, बुडबुडेही दिसतात. रुग्णाला मात्र मिळायला हवा तेवढा ऑक्सिजन मिळत नाही.

म्हणून यंत्र स्वीकारण्याआधी त्याची पाटी वाचायची: व्होल्ट, हर्ट्झ, वॅट. मग पूर्ण प्रवाहावर दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑक्सिजन मोजणाऱ्या विश्लेषकाने शुद्धता मोजायची. 82 टक्क्यांखाली गेलं तर यंत्राने गजर द्यायला हवा. तो देतो का तेही बघायचं. बाहेरची गाळणी आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून लावायची, त्यासाठी गाळण्या दोन हव्यात. ओली लावली की ओल आत जाते आणि झिओलाइटचा सगळ्यात मोठा शत्रू ओलच. भिंतीपासून फूटभर लांब, सोबत व्होल्टेज स्टॅबिलायझर. गोदामात ठेवलेलं यंत्रही महिन्यातून काही तास चालवायचं, नाहीतर खोक्यातल्या खोक्यात दमट होऊन मरतं. देणगीदाराकडून यंत्राइतक्याच निक्षून चार गोष्टी मागाव्यात: दुरुस्तीची पुस्तिका, सॉफ्टवेअरचा पासवर्ड असेल तर तो, दोन वर्षांचे सुटे भाग आणि तंत्रज्ञाचं प्रशिक्षण. एवढं मिळत नसेल तर 'नको' म्हणावं. खात्यात हे म्हणायला कोणी धजत नाही, हा भाग वेगळा.

प्रयोगशाळेच्या यंत्रांची गंमत निराळी. यंत्र फुकट मिळतं, रसायनं त्याच कंपनीची घ्यावी लागतात. क्षयाची चाचणी करणाऱ्या जीनएक्स्पर्ट यंत्राचं, दर चाचणीला एक लागणारं कार्ट्रिज 2012 पासून 9.98 डॉलरला होतं, बराच दबाव आल्यावर 2023 मध्ये 7.97 झालं. चाचणी खरोखर चांगली आहे, दोनेक तासांत रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद न देणारा क्षय सांगते. पण यंत्र 30 अंशांपुढच्या खोलीत चालवायचं नसतं, म्हणजे एसी आला, बॅटरी आली, वर्षाला कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची जुळणी, आलं. खरेदीच्या कागदावर यातलं काही नसतं. तुलना करायची तर पाच वर्षांत एका अहवालामागे एकूण किती पैसे पडतात, याची करावी.

लसींचं थोडक्यात. कोविडमध्ये श्रीमंत देशांनी उरलेले डोस मुदत संपत आल्यावर पाठवले. नायजेरियाला डिसेंबर 2021 मध्ये दहा लाखांच्या आसपास डोस नष्ट करावे लागले. त्याआधी 29 नोव्हेंबरला आफ्रिकेच्या संस्थांनी आणि कोवॅक्स या लसवाटपाच्या जागतिक योजनेने मिळून सांगितलं होतं की पोचताना किमान दहा आठवड्यांची मुदत शिल्लक हवी. दहा आठवडे ऐकायला भरपूर वाटतात. त्यातून सीमाशुल्क, केंद्रीय साठा, जिल्हा, मग गाव असे टप्पे वजा कर आणि सिरिंजा वेगळ्या जहाजातून येतात हेही धर. साध्या औषधांच्या देणगीला जागतिक आरोग्य संघटना निदान एक वर्षाची मुदत मागते, ते उगीच नाही.

राहिली माणसं. माल आत येतो आणि नर्स बाहेर जातात, हा व्यवहार आकड्यांत नीट दिसत नाही, कारण पहिल्यांदा जातात त्या अतिदक्षता, डायलिसिस आणि शस्त्रक्रियागृहातल्या, तीन-पाच वर्षांच्या अनुभवाच्या. जागा भरलेली दिसते, पण व्हेंटिलेटर लावता येणारं माणूस त्या पाळीत नसतं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशी भरतीबद्दलची 2010 ची जागतिक आचारसंहिता ऐच्छिक आहे. 2023 मध्ये 55 देशांची यादी केली गेली, जिथून खटपट करून भरती करू नये असं अपेक्षित आहे. स्वतःहून जाणाऱ्याला अर्थातच कोणी अडवत नाही आणि अडवूही नये. सक्तीच्या बाँडवर, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी नाहीतर पैसे भरा या अटीवर, माझा विश्वास नाही. बाँडची रक्कम परदेशातली भरती कंपनीच भरून टाकते. त्यापेक्षा दोन सरकारांमधल्या करारात प्रशिक्षणाच्या जागांचा खर्च नर्स नेणाऱ्या देशाने उचलावा, जाण्याआधी सहा महिने सूचना असावी आणि तेवढ्या काळात जाणाऱ्या नर्सने दोघींना तयार करून द्यावं, ही कलमं घालून घेणं जास्त फळतं. तू मसुदा बघणार असशील तर सूचनेच्या मुदतीवर जोर दे. पैशाच्या कलमावर सगळेच भांडतात, त्यामुळे ते बहुधा टिकतं. मुदतीचं कलम शेवटच्या बैठकीत गुपचूप तीस दिवसांवर येतं.

पुढच्या पत्रात त्या देशाची आवश्यक औषधांची यादी आणि गेल्या निविदेची प्रत पाठव. दोन्ही शेजारी ठेवून वाचू.

तुझा मित्र