पावसाळ्यातल्या रविवारी मुलांना घेऊन जायचं कुठे? महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,

सविनय नमस्कार.

भांडुप पश्चिमेला आमची दहा बाय पंधराची खोली आहे. जुलै लागला की खोलीत तीन दोऱ्या आडव्या बांधाव्या लागतात. मुलांचे युनिफॉर्म, मोजे, टॉवेल, ह्यांची पँट, माझे ड्रेस, सगळं पंख्याखाली वाळत असतं आणि त्याच्या खाली मुलं खेळत असतात. थोरली आठ वर्षांची, धाकटा साडेचारचा. मोरीच्या भिंतीला ओल धरते. गेल्या जूनमध्ये धाकट्याने त्या डागाच्या कडेकडेने पेन्सिल फिरवली. मग दर रविवारी नवी रेघ मारायची आणि डाग किती वाढला ते मला दाखवायचं, हा त्याचा खेळच झाला.

आम्ही दोघं घरी असतो तो एवढा एकच दिवस, रविवार. जून ते सप्टेंबर असे सतरा-अठरा रविवार येतात. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. आणि दर रविवारी चहा होतो न होतो तोच मुलं विचारतात, "आई, आज कुठे जायचं?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

समुद्रावर न्यावं तर पावसाळ्यात समुद्र मुलांचा नसतो. साडेचार मीटरच्या वर भरती कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी येणार याची यादी महापालिकाच दरवर्षी जाहीर करते, ते योग्यच आहे. ऑगस्टमध्ये जुहूच्या वाळूत ब्लू बॉटल नावाचे जेलीफिशसारखे जीव येतात, त्यांचा डंख लहान मुलाला सोसत नाही. पाणी तुंबलेल्या रस्त्यातून चाललात तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती, २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून गोळ्या घ्या, असंही आपला आरोग्य विभाग सांगतो. मी ते मनावर घेते. त्यामुळे गुडघाभर पाण्यातून मुलांना ओढत न्यायला माझं धाडस होत नाही.

राहिली उद्यानं. गेल्या वर्षी जवळच्याच एका उद्यानात गेलो. झोपाळ्याखाली डबकं, घसरगुंडी संपते तिथे घोटाभर चिखल. दहा मिनिटांत सर आली आणि आसऱ्याला एक झाड सोडून काही नव्हतं. तिथल्या वॉचमनकाकांनी आमची दोन आणि अजून कुणाची तीन अशी पाच मुलं स्वतःच्या केबिनमध्ये घेतली. आम्ही मोठी माणसं बाहेर छत्र्या धरून उभी. सर ओसरायला अर्धा तास लागला. त्या केबिनमध्ये मुलांनी काकांच्या स्टुलाभोवती जो दंगा केला, तेवढीच त्या दिवसाची मजा.

मग कुणी म्हणतं, मॉलमध्ये न्या, कोरडं असतं. एकदा नेलं. तिथल्या खेळाच्या जागेत एका मुलाचे तासाचे सहाशे रुपये होते आणि खास मोजे घ्यायचे त्याचे पैसे वेगळे. माझी मुलगी आता दरफलक वाचू शकते. तिने वाचला आणि म्हणाली, "आई, आपण नुसतं बघूया." आयुक्त महोदय, आठ वर्षांच्या मुलीला घरचा हिशेब इतका कळायला नको होता.

फुकटात पावसाची मजा घ्यायची म्हणून माणसं धबधब्यांकडे जातात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. रविवारच होता तो. नंतर बंदीचे आदेश निघाले, ते निघायलाच हवेत. पण त्या आठवड्यात आमच्या चाळीत सगळे म्हणत होते, "कशाला जायचं असल्या ठिकाणी?" आणि मला राहून राहून वाटत होतं, की मुलांना घेऊन दुसरीकडे जायचं तरी कुठे?

चांगलं काय आहे तेही सांगते, कारण ते आपलंच आहे. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय. मोठ्यांना ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५, पण आई-वडील आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर चौघांचे मिळून १००. २०१७ मध्ये ५ रुपयांचं तिकीट ५० झालं तेव्हा बरीच ओरड झाली होती, तरी कुटुंबासाठी १०० चं तिकीट ठेवायचं ज्यांनी ठरवलं त्यांचे मी मनापासून आभार मानते. भांडुप ते भायखळा लोकलचे आमचे जाऊन-येऊन ५० होतात. एका वेळचे मोठ्यांचे दहा-दहा, मुलीचं अर्धं, धाकटा अजून फुकट. पोळी-भाजीचा डबा घरचा. रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) आडवा आला नाही, तर दीडशे रुपयांत अख्खा दिवस.

आणि दिवस कसा! २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन खरे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. बाहेर धो धो पाऊस आणि आत गार हवेत ते पाण्याखाली बाणासारखे जातात. धाकट्याने काचेला नाक लावलं, श्वासाचं धुकं झालं, ते बाहीने पुसलं, परत नाक लावलं. एक पेंग्विन काचेजवळ येऊन थांबला तेव्हा हा दोन पावलं मागे सरकला आणि त्याला चक्क "नमस्कार" म्हणाला. लगतच भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ पासूनचं. त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. यावरूनच पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, हे कळल्यावर मुलीने आठवडाभर चाळीतल्या प्रत्येकाला ते सांगितलं. बागेचं आणि संग्रहालयाचं मिळून एकच कुटुंब तिकीट निघालं, तर पाऊस वाढला की माणसं सरळ संग्रहालयात शिरतील.

पण अशी जागा एक. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख होती. सगळ्यांनी रविवारी भायखळ्यालाच जायचं का? माझ्या लहानपणी तारापोरवाला मत्स्यालय तरी होतं, १९५१ पासून चर्नी रोडला. तेही बंद पडलं. ते राज्य सरकारचं, आपल्या अखत्यारीत नाही, हे मला माहीत आहे. पण मुलांच्या दृष्टीने शहरातली एक कोरडी जागा कमी झाली.

म्हणून माझी मुख्य मागणी ही आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर रविवारी प्रत्येक वॉर्डात महापालिकेच्या निदान दोन शाळांचे हॉल आणि तळमजल्याच्या पडव्या सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मुलांसाठी उघडा. नवं काही बांधायला नको. अतिवृष्टीत घरात पाणी शिरलं की याच शाळा तात्पुरता निवारा म्हणून तुम्ही रातोरात उघडता. निवडणुकीत इथेच मतदान होतं. म्हणजे किल्ल्या कुणाकडे, पाणी-संडास कुठे, रखवालदार कोण, हे सगळं ठरलेलं आहे. शाळेचं नुकसान होईल अशी काळजी वाटत असेल, तर वर्ग बंद ठेवा, आम्हाला हॉल आणि पडवी पुरे. मुलांना लागतं तरी काय? चार कॅरम, सापशिडीच्या पाट्या, दोरीच्या उड्या, ठोकळे, गोष्टीची पुस्तकं ठेवलेलं एक कपाट. दाराशी महिला बचत गटाला थालीपीठ नि चहाची टपरी लावू द्या, त्यांचेही चार पैसे होतील. २०२५-२६ चा आपला अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यात हा खर्च शोधूनही सापडणार नाही इतका लहान आहे.

मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ही नाट्यगृहंही महापालिकेचीच. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केलं, तेव्हापासून मुंबईच्या मुलांना बालनाट्याची ओढ आहे. पण भाड्याचा बोजा शेवटी तिकिटावरच येतो. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळचं सत्र बालनाट्यासाठी नाममात्र भाड्यात द्या आणि तिकीट तीस-चाळीस रुपयांच्या वर जाऊ नये अशी अट घाला. माझ्या मुलांनी अजून पडदा उघडताना पाहिलेला नाही.

बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं. त्याची कारणं असतील. पण राणीच्या बागेसारखं कुटुंब तिकीट रविवारी बसमध्येही द्या, मुलांचे हे चार महिने तरी.

सगळीकडे एकदम जमणार नसेल, तर भांडुप ज्यात येतं त्या आमच्या एस वॉर्डातल्या एका शाळेपासून करून बघा. पहिल्या रविवारी हॉल झाडायला आणि सतरंज्या अंथरायला आमच्या चाळीतल्या सहा-सात जणी येऊ. फक्त पडवीत ओल्या छत्र्या आणि चपला ठेवायला एक लांब फळी आणि रेनकोट टांगायला खिळे मारून घ्या.

आपली नम्र,
भांडुप पश्चिमेची एक रहिवासी