साहेब, निदान व्हिडिओ तरी बघू द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

आमच्या सरकारी महाविद्यालयात गेल्या आठवड्यात फतवा निघाला: वायफायवर यूट्यूब बंद. कारण, 'करमणुकीला आळा'. मी सर्जरीचा तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर. रात्रीची ड्युटी आटपून मी बघतो ते पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिका कशी वाचवायची. यात करमणूक वाटत असेल तर आपणही एकदा बघावं.

हे हातानं शिकायला आपण स्किल लॅब देणार होता. फीत कापलीत, फोटो छापून आले, कुलूप लागलं. लॅपरोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या, सरावाचं यंत्र अजून खोक्यात आहे. शिकवणाऱ्या सरांची बदली झाली. मी मुख्यतः जखम उघडी धरणारा रिट्रॅक्टर धरलाय, ट्रॉल्या ढकलल्यात, रक्ताच्या बाटल्यांसाठी धावलोय, नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्यात. विद्यावेतन कधी येईल देव जाणे, आणि आता त्यातूनच नेटपॅक मारायचा.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या 2016 च्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्के जण शस्त्रक्रियेच्या तयारीला व्हिडिओ बघत होते, बहुतेक यूट्यूबवरच. त्यात प्राध्यापकही आले. फ्रान्समधल्या स्त्रासबुर्गची शस्त्रक्रिया शिकवणारी वेबसाइट 'वेबसर्ज' तर कित्येक वर्षं फुकट शिकवतेय. तेही करमणूकच करत असावेत!

यूट्यूबवर कचराही आहे, मान्य. शरीररचना नीट मोकळी न करताच क्लिप मारणारे महाभाग तिथे भेटतात. म्हणून तर जाणत्या शिक्षकांनी पारखलेली यादी द्या. आपल्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कॅमेरे लावा, सरकारच्याच 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर टाका. दोंडाईचाच्या डॉ. टोणगावकरांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत आधाराला बसवतात त्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड वापरून दाखवलं. अशाच स्वस्त जाळीची युगांडात चाचणी झाली, 2016 मध्ये छापून आली. ती महागड्या जाळीच्या तोडीची ठरली. इतकं आपल्या मातीतलं काम आम्हाला ओटीत कुणी दाखवलं नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2015 मध्येच सांगितलं की जगात 500 कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. आपलं उत्तर काय, तर मेडिकलच्या जागा वाढवा. शिकवणार कोण? कॉलेजच्या तपासणीच्या दिवशी आमच्याकडे उसने प्रोफेसर अवतरतात, हजेरी लावतात, संध्याकाळच्या गाडीने परत. कागदावर सगळं भरलेलं. सगळ्या खात्यांचं हेच, आमच्याकडे फक्त त्याचं रक्त दिसतं.

पुढच्या वर्षी बंधपत्राच्या सक्तीच्या सेवेत मी एखाद्या तालुक्याला असेन आणि टेबलावर आपलाच मतदार असेल. तेव्हा यूट्यूब सोमवारी सुरू करा. लॅबची किल्ली डीनच्या कार्यालयात आहे, मागवून घ्या.

आपला,
एक निवासी डॉक्टर